थॉमस लिंकनची जमीन

अब्राहम लिंकनने आपल्या वडिलांबद्दल छापण्यासाठी म्हणून फार थोडं लिहिलं. १८६० साली राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळाल्यावर शिकागोचे पत्रकार जॉन स्क्रिप्स यांना त्याचं चरित्र लिहायचं होतं. त्यांना लिंकनने स्वतःची माहिती तृतीयपुरुषी टिपणात लिहून दिली. त्यात बापाच्या वाट्याला आलेल्या ओळींचा आशय असा: वडील लवकर गेल्यामुळे आणि आईच्या ओढगस्तीमुळे थॉमस पोरवयातच मजुरी करत भटकला, अक्षरशः शिक्षणाविना वाढला, आणि लिहिण्याच्या बाबतीत स्वतःची सही कशीबशी खरडण्यापलीकडे त्याची मजल कधी गेली नाही.

मुलाने बापाबद्दल इतकं कोरडं लिहावं हे मला बोचतं. माझे आजोबा असेच सही करायचे. कागद आला की आधी हात धोतराला पुसायचे, मग ओठ घट्ट मिटून एकेक अक्षर उमटवायचे, आणि तेवढ्या वेळात घरात कुणी बोलत नसे. माझे वडील शिकले, नोकरीला लागले, आयुष्यभर फाइलींवर झरझर सह्या करत राहिले. आजोबांच्या सहीबद्दल मात्र ते कधी काही बोलले नाहीत. घरात पहिल्यांदा शिकलेल्या माणसाच्या मनात न शिकलेल्या बापाबद्दल काय काय साठलेलं असतं, त्याचा थोडा अंदाज मला तिथून आहे. म्हणून लिंकनपेक्षा त्याच्या बापाकडे माझं लक्ष अधिक गेलं.

आपल्याकडे लिंकन भेटतो तो शाळेच्या भिंतीवर. मुलाच्या हेडमास्तरांना त्याने लिहिलं म्हणून जे पत्र मराठीत घरोघरी पोचलं, ते त्याच्या संग्रहित पत्रव्यवहारात कुठेच सापडत नाही. ते त्याचं नाहीच. बाप आणि मुलगा या नात्यातली त्याची खरी पत्रं वेगळी आहेत. ती चौकटीत लावून भिंतीवर टांगण्यासारखी नाहीत, पण ती वाचायला हवीत. आणि ती वाचण्याआधी थॉमस कोण होता हे बघायला हवं. कारण चरित्रकारांनी बराच काळ त्याची आळशी, ध्येयशून्य, एका जागी न टिकणारा माणूस अशी संभावना केली. मुलगा जितका उंच दाखवायचा, तितका बाप खुजा करण्याची ती रीत होती. १९२०च्या दशकात लुईस वॉरेन नावाच्या अभ्यासकाने केंटकीतल्या जुन्या कचेऱ्यांमधली दप्तरं उपसली, तेव्हा कुठे कागदांमधून दुसराच थॉमस दिसू लागला.

थॉमसचा जन्म १७७८चा, व्हर्जिनियातला. तो लहान असतानाच घरचे सगळे डोंगर ओलांडून केंटकीत आले. त्याच्या वडिलांचं नावही अब्राहमच. १७८६मध्ये हे पहिले अब्राहम लिंकन शेतात काम करत असताना रानातून झालेल्या गोळीबारात ठार झाले. ज्या जमिनीवर ते मका लावत होते ती मूळ रहिवाशांच्या शिकारीची रानं होती, आणि त्या रानांसाठी दोन्हीकडची माणसं मरत होती. तीन भाऊ शेतातच होते. एक मदत आणायला धावला. थोरला मॉर्डेकाय घरात शिरला आणि तिथून बंदूक रोखली. आठ वर्षांचा थॉमस बापाच्या प्रेताजवळ तसाच उभा होता. हल्लेखोरांपैकी एक जण त्याच्याकडे येत असताना मॉर्डेकायने त्याला गोळी घातली. ही हकिगत पुढे थॉमसने आपल्या मुलाला इतक्या वेळा सांगितली असावी, की घरातल्या सगळ्या गोष्टींमध्ये हीच आपल्या मनावर सर्वांत खोल ठसली आहे, असं लिंकनने एका नातेवाइकाला पत्रात कळवलं होतं.

बापाच्या नावावर मोठी जमीन होती. पण तेव्हाच्या कायद्याने ती सगळी थोरल्या मुलाकडे गेली. धाकट्याला काहीच मिळालं नाही. एका गोळीने थॉमसचा बाप गेला आणि त्याच्याबरोबर त्याचा वाटाही गेला. दहा-बारा वर्षांचा मुलगा लोकांच्या शेतांवर राबू लागला. त्या वयात शाळा कुठून येणार? लिंकनने 'भटका मजूर पोरगा' असं जे लिहिलं आहे ते खरंच आहे. त्या शब्दांमागे किती वर्षं उन्हातान्हात गेली होती तेवढंच त्या वाक्यात आलेलं नाही.

हाच मुलगा सुतारकाम शिकला. त्याने केलेली कोपऱ्यात बसणारी कपाटं आजही काही संग्रहांमध्ये आहेत. त्यांचे सांधे आणि नक्षी पाहिली की ते हात आळशी माणसाचे होते असं कुणी म्हणू धजणार नाही. पंचविशीत, १८०३ साली, त्याने मिल क्रीकजवळ २३८ एकर जमीन स्वतःच्या कमाईवर विकत घेतली. १८०६मध्ये नॅन्सी हँक्सशी त्याचं लग्न झालं. पुढच्या वर्षी सारा ही मुलगी झाली. १८०८च्या डिसेंबरमध्ये त्याने नोलिन क्रीकजवळ आणखी एक शेत घेतलं, तीनशे एकरांचं. मुरमाड, हलकी जमीन, पण शेताला लागूनच खडकातून बाराही महिने पाझरणारा झरा. त्या झऱ्याजवळच्या ओंडक्यांच्या घरात १२ फेब्रुवारी १८०९ला अब्राहम जन्मला. आता तिथे संगमरवरी स्मारक आहे, छप्पन्न पायऱ्या आहेत, आणि आत एक प्रतीकात्मक केबिन ठेवली आहे. झरा अजून वाहतो.

आणि इथून पुढे जमिनीची गोष्ट सुरू होते. सातबाऱ्यावर आपलं नाव असणं म्हणजे काय, आणि ते नाव दुसऱ्या कुणाच्या अर्जामुळे अडकणं म्हणजे काय, हे ज्यांनी घरात पाहिलं आहे त्यांना ती पटकन कळेल.

केंटकी हा आधी व्हर्जिनियाचा भाग होता. तिथे सरकारने जमीन मोजून, तुकडे पाडून विकलीच नव्हती. ज्याच्याकडे हक्काचा कागद असेल त्याने आपली हद्द आपणच मोजून घ्यायची आणि चतुःसीमा लिहून द्यायची. अमक्या ओकच्या झाडापासून ओढ्याच्या वळणापर्यंत, तिथून दोन दगडांच्या खुणेपर्यंत, असं ते वर्णन. झाड वठायचं, ओढा वळण बदलायचा, दगड कुणी तरी हलवायचं. एकाच जमिनीवर तिघाचौघांचे दावे एकमेकांवर चढलेले असायचे. ज्याच्याकडे पैसा आणि वकील, त्याची हद्द खरी ठरायची. दूर शहरांत राहणाऱ्या, ती जमीन डोळ्यांनीही न पाहिलेल्या लोकांचे हजारो एकरांचे जुने दावे अचानक उगवायचे, आणि झाडं तोडून, मुळं खणून जमीन लावणीला आणणारा शेतकरी आपल्याच बांधावर उपरा ठरायचा.

थॉमसच्या तिन्ही शेतांचं हेच झालं. मिल क्रीकची जमीन मोजणीतल्या चुकीमुळे विकताना २०० एकरच भरली. अडतीस एकर हवेत विरले. झऱ्याकाठच्या शेतावर आधीच्या मालकाचा बोजा होता. तो प्रकार न्यायालयात गेला आणि थॉमसला शेत सोडावं लागलं. १८११मध्ये कुटुंब नॉब क्रीकला गेलं. ही जमीन कसदार होती, ओढ्याच्या गाळाची. लिंकनच्या सर्वांत जुन्या आठवणी इथल्याच. थॉमस नावाचं तिसरं मूल इथेच झालं आणि अगदी तान्हं असतानाच गेलं. मग १८१५मध्ये फिलाडेल्फियाच्या एका जुन्या जमीनदाराच्या वारसांनी थॉमसवर आणि त्याच्या शेजाऱ्यांवर जमीन खाली करण्याचा दावा लावला.

याच काळातली, १८१४ची, कराची एक यादी वॉरेनना मिळाली. त्या भागातल्या ९८ मालमत्ताधारकांमध्ये थॉमसचा क्रम पंधरावा लागतो. म्हणजे तो भिकारी नव्हता. चांगला खाऊनपिऊन सुखी असलेला, घोडी बाळगणारा, कर भरणारा शेतकरी होता. पण पायाखालची जमीन कायद्याने त्याची आहे असं त्याला कुणीच ठामपणे सांगू शकत नव्हतं. एका जागी टिकला नाही म्हणून ज्याला इतिहासाने नावं ठेवली, त्याला टिकू दिलं गेलं नव्हतं. चरित्रकारांवरचा माझा राग इथला आहे.

केंटकी का सोडलं याचं कारण लिंकनने नोंदवून ठेवलं आहे: काही अंशी गुलामगिरीमुळे, पण मुख्यतः जमिनीच्या हक्काच्या भानगडींमुळे. थॉमस आणि नॅन्सी ज्या बाप्टिस्ट मंडळीत जात ती गुलामगिरीच्या विरोधातली होती. आणि ज्या गावात गुलामांकडून फुकट काम करून घेतलं जातं तिथे मजुरीवर जगणाऱ्या सुताराला काय भाव मिळणार, हाही रोकडा सवाल होताच. ओहायो नदीपलीकडे इंडियाना होतं. तिथे गुलामगिरीला १७८७च्या कायद्याने बंदी होती. आणि तिथली जमीन सरकारने स्वतः चौकोनी तुकड्यांत मोजली होती. सहा मैल लांब, सहा मैल रुंद गट, त्याचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा. झाडा-ओढ्याची साक्ष नको. नकाशातला क्रमांक हीच हद्द. केंटकीत पोळलेल्या माणसाला त्या चौकोनांचं केवढं आश्वासन वाटलं असेल!

१८१६च्या डिसेंबरात, इंडियानाला राज्याचा दर्जा मिळाला त्याच सुमारास, लिंकन कुटुंब लिटल पिजन क्रीकच्या घनदाट रानात पोचलं. अब्राहम आठ वर्षांचाही नव्हता, पण अंगाने थोराड. त्याच्या हातात लगेच कुऱ्हाड दिली गेली, आणि तेविसाव्या वर्षापर्यंत ती जवळपास सुटली नाही असं तो स्वतः लिहितो. पुढच्या ऑक्टोबरात थॉमस व्हिन्सेन्सच्या जमीन कचेरीत गेला आणि एकरी दोन डॉलर दराने १६० एकर नावावर नोंदवले. पहिला हप्ता भरला. उरलेले हप्ते भरायला त्याला दहा वर्षं धडपडावं लागलं. १८२७मध्ये त्याने निम्मी जमीन सरकारला परत केली, तिचे भरलेले पैसे उरलेल्या निम्म्यात वळते करून घेतले, आणि ८० एकरांचा सरकारी पट्टा मिळवला. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, पहिल्यांदा, ज्यावर कुणी बोट ठेवू शकणार नाही असा कागद त्याच्या हातात आला.

मधल्या काळात घर मोडलं होतं.

१८१८च्या शरदात त्या भागात दुधाचा आजार पसरला. उन्हाळ्याअखेर गवत संपलं की गुरं रानात आत जाऊन सावलीतली झुडपं खायची. त्यात पांढऱ्या बारीक फुलांची व्हाइट स्नेकरूट ही वनस्पती असायची. ती खाल्लेली गाय थरथरायला लागायची, आणि तिचं विष दुधातून माणसांत उतरायचं. ओकाऱ्या, विलक्षण अशक्तपणा, मग बेशुद्धी. लोकांना एवढंच दिसत होतं की दूध पिणारी माणसं मरताहेत. कारण शास्त्राने पक्कं करायला विसावं शतक उजाडावं लागलं. नॅन्सीला जिने लहानपणी वाढवलं ती मावशी आणि तिचा नवरा शेजारीच राहत होते. आधी ते दोघं गेले. त्यांची आणि शेजाऱ्यांची शुश्रूषा करता करता नॅन्सी पडली. ५ ऑक्टोबर १८१८ला ती गेली. पस्तिशीही उलटली नव्हती.

जवळपास डॉक्टर नव्हता, आणि शवपेट्या करणारा सुतार थॉमसच होता. शेजाऱ्यांच्या पेट्या त्याने केल्या होत्या. आता घरातल्या ओंडक्याच्या फळ्या कापून बायकोची पेटी करायची वेळ आली. खिळे महाग, म्हणून लाकडी खुंट्या ठोकायच्या. त्या खुंट्या नऊ वर्षांच्या अब्राहमने चाकूने तासल्या अशी घरात सांगितली जाणारी आठवण आहे. बाप आणि मुलगा एकाच कामाला वाकलेले मला फक्त या ठिकाणी दिसतात. पुढे त्यांच्यात जे अंतर पडत गेलं त्याबद्दल मानसशास्त्राच्या भाषेत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्या खुंट्या पुरेशा वाटतात. ज्या माणसाबरोबर आईची पेटी केली, त्याच्याशी पुढे मोकळं बोलणं कोणत्या मुलाला जमेल? नॅन्सीच्या कबरीवर १८७९पर्यंत कायमचा दगडही नव्हता.

अकरा वर्षांची सारा चूल सांभाळू लागली. नॅन्सीच्या त्या मावशीने सांभाळलेला एकोणीस वर्षांचा डेनिस हँक्सही आता यांच्याच घरात. एक वर्ष असं काढल्यावर थॉमस केंटकीला परत गेला आणि २ डिसेंबर १८१९ला एलिझाबेथटाउनमध्ये सारा बुश जॉन्स्टनशी त्याने लग्न केलं. ती विधवा होती, तीन मुलांची आई. तो तिला तरुणपणापासून ओळखत होता. दोघांनाही जगण्यासाठी दुसऱ्याची गरज होती आणि त्यांनी ती लपवली नाही.

सावत्र आई म्हटलं की आपल्या कहाण्यांमध्ये काय येतं ते सांगायला नको. साराने त्या सगळ्या कहाण्या खोट्या पाडल्या. गाडीतून ती आपलं सामान घेऊन आली: कपडे ठेवायचं अक्रोडाचं कपाट, टेबल, खुर्च्या, सुऱ्या-काटे, आणि गाद्या-पांघरुणं. त्या रानात पानापाचोळ्यावर निजणाऱ्या मुलांना पिसांची गादी म्हणजे काय वाटली असेल! घराला जमीन मातीची होती. तिने थॉमसकडून लाकडी तक्तपोशी करून घेतली, दार-खिडकी नीट बसवून घेतली. सगळ्यांत आधी तिने सारा आणि अब्राहमला घासूनपुसून आंघोळ घातली, कपडे शिवले, ठिगळं लावली. ती मुलं पुन्हा माणसांत आल्यासारखी दिसू लागली, असं तिने म्हातारपणी सांगितलं. तिची तीन, थॉमसची दोन, डेनिस, आणि ती दोघं. एका खोलीच्या घरात आठ माणसं. पोरं भिंतीतल्या खुंट्यांवर पाय देत माळ्यावर चढून निजायची. त्या घरात आपलं-तुपलं झालं नाही.

१८६५च्या सप्टेंबरात, लिंकनच्या हत्येनंतर पाचच महिन्यांनी, त्याचा वकिलीतला भागीदार विल्यम हर्नडन या बाईला भेटायला गेला. ती शहात्तर वर्षांची होती. तिने जे सांगितलं त्यातलं एक वाक्य सगळीकडे उद्धृत होतं: अब्राहमचं मन आणि माझं मन, माझं होतं तेवढं थोडंसं, एकाच ओढ्यातून वाहत असल्यासारखं होतं. स्वतः निरक्षर असलेली ती बाई. तिचा स्वतःचा मुलगा जॉन त्या वेळी हयात नव्हता. तो आणि एब (अब्राहमला ती एब म्हणायची), दोघेही चांगले होते, ती म्हणाली, पण आता दोघेही नाहीत तेव्हा सांगायलाच हवं, की एबसारखा मुलगा मी पाहिला नाही आणि पाहणारही नाही.

पण तिचं दुसरं एक वाक्य तितकं कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते थॉमसच्या बाजूचं सर्वांत मोठं साक्षीपत्र तेच आहे. ती म्हणाली, मिस्टर लिंकनना थोडंफार वाचता यायचं, सही कशीबशी जमायची. शिक्षणाचा उपयोग काय असतो हे त्यांना स्वतःला जाणवलं होतं, म्हणून मुलांनी शिकावं असं त्यांना वाटे. होईल तोवर ते एबला पुस्तकावरून उठवत नसत. त्याआधी ते काम स्वतः करत.

डेनिस हँक्सची आठवण वेगळी आहे. वाचण्याच्या नादात काम टाकलं म्हणून थॉमसने मुलाला फटके दिले, असं तो सांगतो. मला दोन्ही खऱ्या वाटतात. शेतावर ज्याने दिवस काढले आहेत त्याला यात विसंगती दिसणार नाही. पाऊस तोंडावर आला असताना कुंपणावर बसून वाचणाऱ्या पोराला फटका बसतो. दुसऱ्या दिवशी तोच बाप त्याच्या वाटणीची लाकडं स्वतः फोडतो. फटका मुलाच्या लक्षात राहतो. लाकडं कुणी फोडली ते त्याला बहुधा कळतही नाही.

त्याशिवाय हिशेबाची गोष्ट होतीच. एकवीस वर्षांचा होईपर्यंत मुलाच्या मजुरीवर बापाचा कायदेशीर हक्क असे. थॉमस अब्राहमला शेजाऱ्यांकडे कामाला पाठवायचा आणि दिवसाचे पंचवीस सेंट घरात यायचे. जमिनीचे हप्ते थकलेले होते. सगळी मिळून शाळा एक वर्षभरही झाली नाही, असं लिंकनने लिहिलं आहे. त्याला ते आयुष्यभर सललं. ज्या ८० एकरांचा कागद शेवटी हातात आला, त्यात त्या मुलाच्या किती तरी शाळेच्या दिवसांचं मोल गेलं होतं. माझ्या आजोबांनी हा प्रश्न उलट बाजूने सोडवला होता, बैल विकून. म्हणून मी थॉमसला सगळं माफ करत नाही. फक्त त्याच्यापुढे कोणते रस्ते उघडे होते ते बघते, तेव्हा मला फार दिसत नाहीत.

मुलगी सारा १८२६मध्ये लग्न होऊन शेजारच्याच घरी गेली आणि १८२८च्या जानेवारीत बाळंतपणात गेली. मूलही मेलेलंच जन्मलं. वीस वर्षांची पोर, जिने अकराव्या वर्षी आईची जागा घेतली होती. अब्राहम रडत राहिला. थॉमसच्या दुःखाबद्दल कुणीच काही लिहून ठेवलेलं नाही, आणि लिहिता न येणाऱ्या माणसाचं दुःख असंच जातं.

१८३०मध्ये पुन्हा दुधाच्या आजाराची आवई उठली. इलिनॉयमध्ये गेलेल्या नातलगाने तिकडच्या काळ्याभोर जमिनीचं वर्णन कळवलं. इतक्या कष्टाने मिळवलेली जमीन थॉमसने १२५ डॉलरला विकली आणि तेरा माणसांचा तांडा बैलगाड्या घेऊन निघाला. बावन्न वर्षांचा थॉमस पुन्हा नव्याने ओंडके रचायला लागला. त्याच हिवाळ्यात इलिनॉयमध्ये असा बर्फ पडला की त्यातून वाचलेले लोक पुढे आयुष्यभर त्याच्या गोष्टी सांगत राहिले. वसंतात कुटुंब हादरून इंडियानाच्या दिशेने परत निघालं, आणि वाटेत कोल्स काउंटीत थांबलं ते तिथलंच झालं. बावीस वर्षांचा अब्राहम त्या वेळी वेगळा झाला. पुन्हा घरी राहायला तो कधी आला नाही.

गूसनेस्ट प्रेअरी या नावाच्या त्या वस्तीत थॉमसची शेवटची वर्षं गेली. मुलगा स्प्रिंगफील्डला वकील झाला. १८४१मध्ये त्याने बापाकडून ४० एकर २०० डॉलरला विकत घेतले आणि खरेदीखतात अट घातली की आईवडील हयात असेपर्यंत जमीन तेच वापरतील. सरकारी जमिनीचा दर तेव्हा एकरी सव्वा डॉलर होता. ही कसलेली जमीन होती हे खरं, तरी बापाला मदत म्हणून न देता किंमत म्हणून पैसे देण्याचा हा मार्ग त्याने शोधला असावा असं मला वाटतं. बापाचा हात वरच राहिला.

१८४८च्या डिसेंबरात लिंकन संसदेत होता, वॉशिंग्टनला. जमीन लिलावात जाऊ नये म्हणून वीस डॉलर हवेत, असं बापाच्या वतीने त्याला कळवलं गेलं. त्याने पैसे आनंदाने पाठवले, पण सोबत वकिलासारखं विचारलं, आपल्याविरुद्ध झालेला निकाल आपण विसरलात कसे, हे नवल आहे. सही पुरती न येणाऱ्या म्हाताऱ्याला केंटकीपासून निकाल, दावे, बोजे यांनी घेरलं होतं, आणि आता घरातलाच कायदा शिकलेला मुलगा उलटतपासणी घेत होता.

१८४९मध्ये वडील अत्यवस्थ असल्याचं कळल्यावर तो धावत गेला होता. तेव्हा थॉमस बरा झाला. १८५१च्या जानेवारीत पुन्हा निरोप आले. दोन पत्रांना उत्तर गेलं नाही. मग १२ तारखेला लिंकनने सावत्र भाऊ जॉनला लिहिलं. आपल्याला यायला जमत नाही, बायको मेरी बाळंतपणानंतर आजारी आहे. वडिलांना सांग, परमेश्वराची आठवण करा, तो कुणालाही अव्हेरत नाही. आणि मग ते वाक्य: त्यांना सांग, की आत्ता आपली भेट झालीच तर ती सुखापेक्षा दुःखाचीच ठरणार नाही का, याची शंका वाटते, पण जायची वेळ आलीच असेल, तर आधी गेलेल्या किती तरी प्रिय माणसांशी त्यांची आनंदाची भेट लवकरच होईल.

हे पत्र मी दर वेळी मध्येच थांबवते. ते खरं आहे, आणि म्हणूनच भयंकर आहे. हे वाक्य त्या म्हाताऱ्याला दुसऱ्या कुणी तरी वाचून दाखवायचं होतं. पाच दिवसांनी, १७ जानेवारीला, थॉमस गेला. लिंकन अंत्यविधीला गेला नाही.

मात्र दोन वर्षांनी त्याला शेवटचा मुलगा झाला, त्याचं नाव त्याने थॉमस ठेवलं. जग त्याला टॅड म्हणून ओळखतं. १८६७मध्ये मेरी लिंकनने साराबाईंना कपड्यांची पेटी पाठवली, तेव्हा सोबतच्या पत्रात आवर्जून लिहिलं: आमच्या धाकट्याचं नाव तुमच्या नवऱ्याचं आहे.

आणि जमीन. १८६२च्या मे महिन्यात, यादवी युद्धाच्या धामधुमीत, लिंकनने होमस्टेड कायद्यावर सही केली. नाममात्र शुल्क भरा, पाच वर्षं राहा, कसा, आणि १६० एकरांचा निर्वेध पट्टा घ्या. व्हिन्सेन्सच्या कचेरीत बापाने नोंदवली आणि निम्मी परत केली तितकीच जमीन. हा कायदा एकट्या लिंकनचा नव्हता, आणि ती जमीनही रिकामी नव्हती. तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना हुसकून ती वाटली गेली. हे दोन्ही लक्षात ठेवूनही मला वाटतं, की कुळाच्या आणि मालकाच्या मधल्या त्या भीतीत वाढलेल्या मुलाला त्या सहीचा अर्थ इतर कुणापेक्षा जास्त कळला असेल.

थॉमसच्या कबरीवर १८८०पर्यंत दगड नव्हता. राहतं घर सुटं करून १८९३च्या शिकागो प्रदर्शनासाठी नेलं आणि ते ओंडके पुढे कुठे गेले कुणास ठाऊक. आता चार्ल्सटनच्या दक्षिणेला दिसतं ते नंतर उभारलेलं घर आहे. सभोवती मक्याची शेतं, आणि मैलभरावर शायलोचं कब्रस्तान. इलिनॉयमध्ये राहायला आल्यापासून मी तिथे जात असते.

पण ज्या ४० एकरांचं खत मुलाने करून घेतलं होतं त्यांचं काय झालं हे सांगायला हवं. थॉमस गेला त्याच वर्षी जॉन सगळं विकून मिझूरीला जायचे बेत करू लागला. ४ नोव्हेंबरला लिंकनने त्याला खरमरीत पत्र लिहिलं. मिझूरीची जमीन इथल्यापेक्षा चांगली आहे का? तिथे काम न करता मका पिकतो का? आहे ती जमीन सोडलीस तर, प्राण पणाला लावून सांगतो, तुला पुरायला पुरेल इतका तुकडाही पुन्हा तुझ्या मालकीचा होणार नाही. पूर्वेकडचे चाळीस एकर मी आई जिवंत असेपर्यंत तिच्यासाठी राखणार आहे. तू कसणार नसलास तर खंडाने देऊन तिचं पोट चालेल.

तिन्ही शेतं गमावलेल्या थॉमसने बोलावं तसं हे बोलणं आहे. जॉनने जमीन विकायचा पुन्हा प्रयत्न केला, लिंकनने पुन्हा अडवला. १८६१च्या जानेवारीअखेर, अध्यक्षपदाची शपथ घ्यायला निघण्यापूर्वी, तो आईला भेटून गेला. हा मुलगा पुन्हा दिसायचा नाही असं तिला आतून वाटत होतं, असं तिने हर्नडनला सांगितलं. सारा १८६९मध्ये वारली आणि थॉमसच्या शेजारी पुरली गेली. तोवर ते चाळीस एकर तिच्यासाठी राहिले.